गाणं तुटतंय, पण नेमकं कुठे?

मागच्या अंकात घरातल्या वायफाय आणि ब्लूटूथ स्पीकरबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज विचारलं होतं की तुमच्याकडे गाणं मधेच अडकतं का, तर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. जवळजवळ प्रत्येकाने एक वाक्य लिहिलंय, "नेट तर फास्ट आहे, मग गाणं का तुटतं?" हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो कारण यातूनच लोक मोठा प्लॅन घेतात, नवा स्पीकर घेतात, पैसे जातात आणि गाणं तुटायचं ते तुटतंच. माझं सगळ्यांना एकच म्हणणं आहे, आधी गाणं कधी तुटतं आणि किती वेळ गप्प राहतं ते दोन-तीन दिवस कागदावर लिहा, मग खर्चाचं बघू.

प्रश्न : ताई, आमच्याकडे फायबरचं २०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. स्वयंपाकघरात फ्रिजवर वायफाय स्पीकर ठेवलाय. सासरे सकाळी साडेसहाला अभंग लावतात तेव्हा मस्त चालतं, पण आठ-साडेआठला आणि परत संध्याकाळी दर दोन-चार मिनिटांनी तुटतं. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले ३०० चा प्लॅन घ्या. घेऊ का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

नका घेऊ. हिशोब बघा ना, चांगल्या क्वालिटीचं गाणं म्हणजे ३२० केबीपीएस, आणि हजार केबीपीएसचा एक एमबीपीएस, म्हणजे एका एमबीपीएसच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. अगदी सीडीच्या दर्जाचं, काहीही न दाबता पाठवलं तरी १४११ केबीपीएस, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. तुमच्या २०० मधले १९८ तसेच पडून राहतात. तेव्हा ३०० घेतलं तरी गाण्याला काडीचा फरक पडणार नाही.

मग तुटतं का? आपली गच्चीवरची टाकी आठवा. कॉर्पोरेशनचं पाणी ठरावीक वेळेला येतं पण नळ दिवसभर चालतो कारण मधे टाकी आहे. स्पीकरमधे पण तशी एक टाकी असते, तिला बफर म्हणतात, पण ती छोटी, बऱ्याच स्पीकरमधे काही सेकंदांचीच. राउटरकडून गाण्याचे तुकडे येत राहतात, टाकी भरत राहते आणि आपल्याला सलग ऐकू येतं. तुकडे यायला उशीर झाला, टाकी रिकामी झाली, की गाणं गप्प. म्हणजे प्रश्न एका सेकंदात किती येतं याचा नाहीच, वेळेवर येतं का याचा आहे, आणि उशीर होतो तो बहुतेक वेळा रस्त्यावरच्या फायबरमधे नाही, तर तुमच्या हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या त्या पंधरा-वीस फुटांत.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वेळ. साडेसहाला बिल्डिंग झोपलेली असते. आठला वरच्या, खालच्या, शेजारच्या सगळ्या घरांतले राउटर, मोबाइल, टीव्ही कामाला लागतात. यातलं बरंचसं लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, आणि तो पट्टा अगदी अरुंद आहे, त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल, म्हणजे वेगळ्या वाटा, तीनच बसतात, १, ६ आणि ११. पंधरा घरांचे राउटर तीन चॅनलवर, म्हणजे एक बोलतोय तोवर बाकीच्यांनी थांबायचं. त्यात आठ-साडेआठला डब्याची गडबड, मायक्रोवेव्ह चालू होतो. मायक्रोवेव्ह चालतो २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे बरोब्बर याच पट्ट्याच्या मधोमध, आणि दार कितीही घट्ट असलं तरी थोडं बाहेर येतंच. त्याने आपल्या तब्येतीला काही होत नाही, पण शेजारी ठेवलेल्या स्पीकरच्या कानाशी कोणीतरी ढोल वाजवल्यासारखं होतं.

आज एक करा. गाणं लावा, मायक्रोवेव्हमधे एक कप पाणी ठेवून दोन मिनिटं चालू करा आणि नुसतं ऐका. गाणं अडकलं तर कारण सापडलं, स्पीकर तिथून लांब, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला किंवा पार खिडकीशी ठेवा. तसाही फ्रिजवर नकोच, खाली सगळा पत्रा असतो आणि मागे सहसा भिंत, सिग्नलला यायला वाट राहत नाही.

नाही अडकलं तर राउटरच्या सेटिंगमधे जा. राउटरच्या मागच्या स्टिकरवर आकडा असतो, बऱ्याचदा १९२.१६८.१.१, तो ब्राउझरमधे टाकायचा आणि तिथलाच पासवर्ड. आत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगवेगळी करा, म्हणजे कोण कुठे जोडलंय ते कळतं. स्पीकरच्या खोक्यावर ५ गिगाहर्ट्झ चालतं असं लिहिलं असेल तर त्याला तिकडे जोडा, तिकडे जागा भरपूर आणि मायक्रोवेव्हचा त्रास शून्य, फक्त भिंतीतून कमी जातं हे लक्षात ठेवा. स्वस्तातले बरेच स्पीकर फक्त २.४ वरच चालतात, तसं असेल तर चॅनल ऑटोवर न ठेवता १, ६, ११ पैकी जिथे गर्दी कमी तिथे पक्कं करा आणि चॅनलची रुंदी ४० ची २० मेगाहर्ट्झ करा. रुंदी कमी केल्यावर नेट स्लो होईल असं वाटतं, पण गाण्याला रुंदी नकोच आहे, त्याला शांतता हवी आहे.

आणि राउटर कुठे आहे ते लिहिलं नाहीये तुम्ही. आमच्याकडे फायबर जोडायला आलेल्या मुलाने वायर जिथवर पोचली तिथे, म्हणजे टीव्ही युनिटच्या आत, टीव्हीच्या बरोब्बर मागे राउटर ठेवला आणि गेला, आणि दोन वर्षं आम्ही तो तिथेच राहू दिला. टीव्हीच्या मागे पत्र्याची पाठ असते, वर सेट टॉप बॉक्स, खाली वायरींचा गुंता. शेवटी पाच मीटरची वायर आणून राउटर शोकेसच्या डोक्यावर ठेवला, आणि फोनवरच्या वायफाय मोजायच्या अॅपमधे स्वयंपाकघरातला सिग्नलचा आकडा उणे ७४ होता तो उणे ५८ झाला. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, उणे ६७ च्या खाली घसरला की गाण्याला त्रास सुरू होतो असं धरून चाला. त्या दिवसापासून आईचा वायफायवरचा रेडिओ स्वयंपाकघरात एकदाही अडकला नाहीये, आणि खर्च झाला तो फक्त वायरीचा.

प्रश्न : गणपतीत घरी ब्लूटूथ स्पीकरवर आरत्या लावतो. आदल्या दिवशी ट्रायल घेतली तेव्हा एकदम ओके, पण आरतीला सगळे जमले की तुटक तुटक येतं आणि काका म्हणतात स्पीकर फालतू आहे. स्पीकर बदलू का?
– एक वाचक, सांगली

स्पीकर बदलू नका, काकांना सांगा स्पीकरचा काही दोष नाही. मला सांगा, आरतीच्या वेळी फोन कुठे होता? तुम्ही टाळ वाजवत असणार म्हणजे फोन खिशात, बरोबर ना? ब्लूटूथ पण २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं, आणि त्याची ताकद वायफायपेक्षा बरीच कमी असते. माणसाच्या अंगात पाणी भरपूर आणि पाणी या लहरी शोषून घेतं. आदल्या दिवशी खोलीत तुम्ही आणि स्पीकर दोघंच, आरतीला मधे वीस-पंचवीस माणसं उभी, शिवाय प्रत्येकाच्या खिशात फोन, कुणाच्या मनगटावर घड्याळ, कुणाचे इअरबड, सगळे त्याच पट्ट्यात. ब्लूटूथ बिचारं यातून वाट काढायचा जीव तोडून प्रयत्न करतं, ७९ बारीक चॅनलवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारतं आणि जिथे गर्दी दिसेल तो चॅनल सोडून देतं, पण फोनच जर मागच्या खिशात आणि तुमची पाठ स्पीकरकडे असेल तर ते तरी काय करणार.

फोन खिशातून काढून मखराशेजारी उंचावर, स्पीकर दिसेल असा ठेवा. एवढ्यानेच बहुतेक घरांत काम होतं. आरत्या आधी डाउनलोड करून ठेवा, कारण घरात एवढे फोन असताना मोबाइल डेटावर भरवसा नको, आणि मग गाणं ब्लूटूथमुळे तुटतंय की नेटमुळे हे पण कळत नाही. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधे त्या स्पीकरच्या नावापुढे एचडी ऑडिओ किंवा एलडॅक असं काही चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. एलडॅक आणि एसबीसी या ब्लूटूथवरून गाणं दाबून पाठवायच्या दोन पद्धती, एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातं, साधं एसबीसी ३२८ च्या आत भागवतं, गर्दीत कमी ओझं घेऊन चालणारा लवकर पोचतो. टाळ, झांजा आणि पंचवीस आवाज यांच्यात तो फरक कुणाला ऐकू येणार नाही.

आणि खरं सांगू का, स्पीकरला ऑक्सची पिन असेल तर वायर लावा. आरती चालू असताना घरातल्या मोठ्या माणसांसमोर गाणं बंद पडलं की कसं ओशाळल्यासारखं होतं ते मला माहितीये, वायरीला ती भीती नाही.

प्रश्न : फोनची स्क्रीन बंद झाली की साधारण दहा मिनिटांनी गाणं थांबतं. स्क्रीन चालू ठेवली तर रात्रभर चालतं. वायफाय बदललं, तेच. – नाशिक

हा वायफायचा आजार नाही. फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेलं अॅप बंद करतोय. सेटिंगमधे त्या म्युझिक अॅपच्या बॅटरीत जाऊन अनरिस्ट्रिक्टेड करा, आणि फोनचा स्वतःचा बॅटरी सेव्हर चालू असेल तर तोही काढा.

प्रश्न : आमचा दोन मजली बंगला आहे, स्लॅब जाड. खाली राउटर, वर रेंज नाही म्हणून एक्स्टेंडर लावला. आता वरच्या खोलीत फोनवर व्हिडिओ चालतात पण स्पीकरवर गाणं सारखं तुटतं आणि कधीकधी अॅपमधे स्पीकर दिसतच नाही. तीन स्पीकर आहेत, तिन्हीवर एकदम लावलं की जास्तच होतं.
– एक वाचक, कोल्हापूर

यात तीन वेगळे गुंते आहेत. आधी एक चाचणी करा, गाणं लावा आणि फोन सरळ स्विच ऑफ करा. गाणं चालू राहिलं तर स्पीकर स्वतःच नेटवरून गाणं ओढतोय, फोन नुसता रिमोट. बंद पडलं तर गाणं फोनमधून जातंय, म्हणजे राउटरकडून फोनकडे, फोनकडून परत राउटर किंवा एक्स्टेंडरकडे आणि तिथून स्पीकरकडे, एवढा फेरा. स्पीकर स्वतः ओढेल असा पर्याय अॅपमधे असेल तर तोच वापरा, निम्मा फेरा वाचतो.

आता एक्स्टेंडर. साधा एक्स्टेंडर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर परत बोलतो, म्हणजे प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो आणि वेग निम्म्यावर येतो. व्हिडिओला ते जाणवत नाही कारण तो पुढचं बरंचसं आधीच भरून ठेवतो, त्याची टाकी मोठी. आणि बरेच जण एक्स्टेंडर जिथे रेंज नाही त्याच खोलीत लावतात, पण त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? तो जिन्याच्या वळणावर, खालच्या राउटरची रेंज अजून चांगली येते अशा जागी हवा.

पण तुमच्या घराला मी एक्स्टेंडर सुचवणारच नाही. स्लॅबमधे लोखंडी सळ्यांची जाळी असते, त्यातून लहरी जेमतेम जातात. बंगला स्वतःचा आहे, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून कॅट सिक्सची, म्हणजे नेटवर्कची, एक वायर वरती न्या. वायरिंगच्या पाइपातून शक्य असेल तरी लाइटच्या वायरींबरोबर एकाच पाइपात नको, वेगळा पाइप टाका. वर दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडमधे लावा, म्हणजे तो खालच्याच नेटवर्कचा भाग राहील. हा मोड महत्त्वाचा आहे बरं का, कारण तुमचा स्पीकर मधेच गायब होतो त्याचं कारण मला इथेच दिसतंय. दुसरं यंत्र स्वतःचं वेगळं नेटवर्क काढून बसलं तर फोन एका घरात आणि स्पीकर दुसऱ्या घरात, दोघांचं नेट चालू पण एकमेकांना हाक ऐकू जात नाही. गेस्ट नेटवर्कवर स्पीकर जोडला असेल तरी असंच होतं.

तिन्ही स्पीकर एकदम लावता तेव्हा बऱ्याच सिस्टीममधे एक स्पीकर गाणं घेतो आणि तो बाकीच्यांना वाटतो. तो मुकादम जर वरच्या खोलीतला, रेंज नसलेला असेल तर तिघंही अडखळणार. म्हणून खालच्या, राउटरजवळच्या स्पीकरवर आधी गाणं सुरू करायचं आणि मग बाकीचे दोन त्यात जोडायचे. वायर टाकेपर्यंत एवढं तरी करून बघा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, घर विमानतळापासून जवळ आहे. इथे सगळं ५ गिगाहर्ट्झवर आहे, रेंज फुल्ल, तरी आठवड्यातून दोन-तीनदा सगळे स्पीकर एकदम मिनिटभर गप्प होतात आणि आपोआप सुरू होतात.

मिनिटभर गप्प आणि सगळे एकदम, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यावरून अंदाज बांधता येतो. ५ गिगाहर्ट्झमधली ५२ ते १४४ ही चॅनल रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात, आणि अमेरिकेत मोठ्या विमानतळांजवळ हवामानाचं रडार असतं ते ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झवर चालतं. राउटरला रडारसारखं काही ऐकू आलं की त्याने १० सेकंदांत चॅनल सोडायचं, ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही, आणि नवं चॅनल पण त्याच पट्ट्यातलं असेल तर आधी ६० सेकंद नुसतं कान देऊन बसायचं असा नियम आहे. तेच तुमचं मिनिट. राउटरच्या लॉगमधे, म्हणजे नोंदींमधे, रडार किंवा डीएफएस (या रडारच्या नियमाचंच नाव) असा शब्द सापडतो का बघा, आणि सापडो न सापडो, चॅनल ऑटोवरून काढून ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ मधलं एक पक्कं करा, तिथे रडारची भानगड नाही. भारतात पण २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो आणि नवे राउटर ही मधली चॅनल घेतात, तेव्हा विमानतळाजवळ राहणाऱ्या इथल्या वाचकांनीही हे बघावं.

प्रश्न : बाबांचा जुना अॅम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर आहेत. त्याला रास्पबेरी पाय ४ हा छोटासा कॉम्प्युटर जोडून वायफायवर गाणी लावतो, गाणी यूएसबीच्या हार्ड डिस्कवर. गाणं दर थोड्या वेळाने टक्कन तुटतं. – डोंबिवली

बाबांचे स्पीकर टाकून दिले नाहीत हे वाचून खूप बरं वाटलं. पहिलं संशयित म्हणजे चार्जर. फोनचा चार्जर लावला असेल तर तो काढा, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा लागतो आणि हार्ड डिस्क पण त्याच्यातूनच ओढते. स्क्रीन जोडून बघा, कोपऱ्यात पिवळी वीज दिसली तर करंट कमी पडतोय. दुसरं, डिस्क निळ्या यूएसबी थ्रीच्या खाचेत आहे का? यूएसबी थ्रीच्या वायरीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो, हे इंटेलने २०१२ मधेच मोजून मांडलंय, आणि पायची वायफायची अँटेना तिथून जेमतेम दोन-तीन इंचांवर. डिस्क काळ्या खाचेत लावा, गाण्याला तो वेग पुरून उरतो, किंवा पायचं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिसरं, वायफायचं पॉवर सेव्ह बंद करा, नाहीतर ते मधे मधे डुलकी घेतं. आणि अॅम्प्लिफायर एकाच जागी राहणार असेल तर लॅनची वायरच लावा ना, पायला खाच आहेच.

प्रश्न : आमच्याकडे लाइट जाते येते. इन्व्हर्टर आहे, तरी लाइट गेली की स्पीकर बंद पडतो आणि मग नेटवर्क सापडत नाही म्हणतो, परत बंद-चालू केलं की चालतो. – जालना

इन्व्हर्टर लाइटवरून बॅटरीवर जाताना क्षणभर खाडा पडतो, पंख्याला कळत नाही पण राउटर तेवढ्यात रिस्टार्ट होतो. त्याला पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटं लागतात, स्पीकर त्याच्या आधीच जागा होतो, शोधतो, सापडत नाही आणि काही स्पीकर मग शोधणंच सोडून देतात. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करून बघा, त्यात खाडा कमी पडतो. नाहीतर राउटरला छोटा मिनी यूपीएस घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही त्याच्यावरच हवा, नाहीतर राउटर जागा आणि नेट झोपलेलं. घेताना राउटरच्या अडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या, बहुतेक १२ व्होल्ट असतात पण ९ आणि ५ वालेही आहेत, चुकीचे व्होल्ट लावले तर राउटर जळतो. पिन त्याच मापाची आहे का ते दुकानातच लावून बघा, म्हणून जाताना जुना अडॉप्टर पिशवीत टाकून न्या.